छातीवरचा वारा

मागच्या जानेवारीत साताऱ्याहून पुण्याला परत येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि उतारावर एका लांबलचक ट्रेलरने आम्हाला मागे टाकले. असा ट्रेलर शेजारून जाताना वाऱ्याचे तीन वेगवेगळे धक्के देतो, हे महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्यांना ठाऊक असते. त्याचे तोंड जवळ येते तेव्हा तो तुम्हाला बाहेर ढकलतो, अंग शेजारी असते तोवर आत ओढतो आणि शेपूट निघून गेले की समोरचा अडलेला वारा एकदम छातीवर आदळतो. त्या तिसऱ्या धक्क्याला माझी मान मागे गेली आणि डाव्या खांद्यातून एक कळ कोपरापर्यंत उतरली. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा पत्नीने, जी गेली तेवीस वर्षे याच गाडीच्या मागच्या सीटवरून माझे निरीक्षण करत आली आहे, शांतपणे सांगितले, "अहो, तुम्ही आता हँडल धरत नाही, हँडलाला लोंबकळता."

हे वाक्य मला लागले, कारण ते बरोबर होते. सरळ बसून चालवायच्या गाडीवर वारा छातीला मागे रेटतो आणि आपण दोन्ही हातांनी हँडलाला ओढून स्वतःला जागेवर ठेवतो. तास दीड तास हे चालले की मनगट, खांदा आणि मान या तिघांची मिळून एकच ताणलेली दोरी होते. फिजिओथेरपिस्टबाईंनी दोन बैठकांनंतर गाडी बंद करण्याचा सल्ला दिला. तो सल्ला मी अर्धाच ऐकला. गाडी बंद करायची नाही, वारा कमी करायचा, असे ठरवले, आणि तिथून पुढचे आठ महिने एका प्रश्नात गेले: या जुन्या बुलेटला फेअरिंग बसवायचे की नुसती विंडशील्डची काच?

ज्यांना हा फरक नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, विंडशील्ड म्हणजे हँडलाला किंवा पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना, म्हणजे फोर्कला, क्लँपने धरलेली पारदर्शक काच, जी हँडलाबरोबर वळते. बंदोबस्तातल्या किंवा ताफ्यापुढच्या पोलिसांच्या गाड्यांवर ती सगळ्यांनी पाहिलेली असते. फेअरिंग म्हणजे फायबरचे कवच, ज्याच्या वरच्या कडेला छोटी काच असते. ते गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे फ्रेमला, घट्ट बसवलेले असते आणि हँडल वळले तरी जागचे हलत नाही. मलाही सुरुवातीला हा फरक दिसण्यापुरता वाटला होता. प्रत्यक्षात वाऱ्याचा भार गाडीच्या कोणत्या अवयवावर टाकायचा, हा या दोहोंमधला खरा फरक आहे आणि जुन्या गाडीच्या बाबतीत त्याच एका मुद्द्यावर सगळे येऊन थांबते.

माझी गाडी 1986 सालची बुलेट 350, कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायाच्या गिअरची. तीनशे सेहेचाळीस सीसी, सत्तर मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि नव्वद मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल. ही लांब चाल असल्यामुळे ती घाईची गाडी नाही. पंचावन्न ते सत्तर हा तिचा आनंदाचा टप्पा आहे. पंचाहत्तरला पायाच्या रबरातून कुरकुर सुरू होते आणि ऐंशीच्या पुढे ती जाते खरी, पण तक्रार नोंदवत जाते. तिच्या तोंडाची घडणही वेगळी आहे. इतर गाड्यांचा हेडलाइट फोर्कला लटकलेला सुटा डबा असतो. बुलेटचा हेडलाइट, स्पीडोमीटर, अँपिअरचा काटा आणि दोन बाजूंचे ते इवलेसे पायलट दिवे हे सगळे फोर्कच्या डोक्यावर बसवलेल्या एकाच धातूच्या टोपात असतात. हा टोप हँडलाबरोबर वळतो. म्हणजे बुलेटला तिचा स्वतःचा चेहरा आहे आणि त्यावर दुसरा चेहरा चढवायचा तर आधी हा झाकावा किंवा कापावा लागतो.

निर्णयाआधी मी थोडा हिशोब मांडला. तो अभियंत्याचा नाही, शाळेतल्या भौतिकशास्त्रावर भागणारा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी चाळीस किलोमीटरला समोरच्या एक चौरस मीटरवर साधारण सात किलोचा रेटा येतो, सत्तरला बावीसच्या आसपास, ऐंशीला एकोणतीस आणि शंभरला पंचेचाळीसच्या घरात. माणसाची छाती, खांदे आणि डोके मिळून एक तृतीयांश चौरस मीटर धरले तर माझ्या सत्तरच्या वेगाला सात-साडेसात किलोचे ओझे छातीवर टेकलेले असते. पुढून वारा असेल तर त्याचा वेग गाडीच्या वेगात मिळवायचा. साताऱ्याकडून येताना वीसच्या वेगाचा समोरचा वारा असला की मी सत्तरने चालवत असलो तरी छातीपुरता नव्वदने जात असतो. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद तर वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की ती आठपट होते. बुलेटच्या अठरा अश्वशक्तींपैकी बऱ्याचशा याच कामी खर्च होतात.

या हिशोबातून एक गोष्ट मला लगेच कळायला हवी होती, ती दोन महिन्यांनी कळली. फेअरिंगचा खरा फायदा शंभरच्या पुढे आहे. तिथे गाडीचे आणि माणसाचे मिळून जे रूप वाऱ्यापुढे येते त्याला वळण देणे, म्हणजे वारा अडवण्याऐवजी तो बाजूने वाहून नेणे, हे काम फेअरिंग करते. सत्तरच्या गाडीला तेवढे वळण नको असते. तिच्या चालकाला फक्त छातीवरचे सात किलो उचलून हवे असतात.

पण फेअरिंगचा मोह साधा नव्हता, कारण त्याला इतिहासाचे वजन होते. बुलेट ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. 1955 पासून ती मद्रासला बनू लागली आणि 1970 च्या सुमारास इंग्लंडमधली एनफिल्ड संपली, तरी ही इथे चालूच राहिली. रेडिचच्या त्याच कारखान्याने 1956 मध्ये एका मोटरसायकल साप्ताहिकाच्या साथीने बुलेटवर पूर्ण कवच चढवून 'ड्रीमलायनर' नावाची एक प्रायोगिक गाडी केली होती आणि त्यानंतर लवकरच 'एअरफ्लो' या नावाने फायबरचे फेअरिंग ग्राहकांना देऊ केले होते. पावसात ऑफिसला जाणाऱ्या इंग्रजी माणसाचे पाय आणि हात कोरडे राहावेत, हा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे आली ती उघडी बुलेट. एअरफ्लोचे जुने फोटो पाहताना मला दर वेळी वाटायचे की, माझ्या गाडीच्या घराण्यातच हे आहे, मग मी काही परके करतो आहे असे कोण म्हणेल? मनाला हवे ते करायचे असले की माणूस घराण्यापर्यंत जातो.

त्याच काळात शर्यतीच्या गाड्यांना पुढचे चाकसुद्धा झाकणारी कवचे असायची; त्यांना कचऱ्याच्या डब्याचे नाव पडले होते. इटलीतल्या मोटो गुझी कंपनीने तर मांदेल्लोला, आल्प्सच्या पायथ्याशी, गाडीवर वाऱ्याचा झोत सोडून तिची चाचणी घ्यायला स्वतःचा वाऱ्याचा बोगदाच बांधला होता. ही कवचे वेगवान होती, पण बाजूने वारा आला की ती शिडासारखी वागत आणि शेवटी आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने 1958 पासून त्यांच्यावर बंदी घातली. पुढचे चाक उघडे असले पाहिजे, हा नियम तेव्हापासूनचा. बाजूचा वारा हा शब्द माझ्या मनात तेव्हाच रुतला होता, कारण आमचे नेहमीचे रस्ते सातारा, चाळकेवाडी आणि कोकणचा सागरी महामार्ग असे आहेत, आणि तिथे समोरच्या वाऱ्यापेक्षा बाजूचा वारा जास्त छळतो.

पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत क्रेग व्हेटर या माणसाने 'विंडजॅमर' नावाचे फेअरिंग काढले, जे कोणत्याही कंपनीच्या गाडीला तिच्या मापाचा ब्रॅकेट वापरून बसवता येई. 1976 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 100 आरएस ही गाडी पूर्ण फेअरिंगसह कारखान्यातूनच विकायला काढली. तिचे कवच डिझायनर हान्स मूठ यांनी इटलीत, पिनिनफारिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात, चालकाला गाडीवर बसवून घडवले होते. या दोन उदाहरणांत माझा प्रश्न आधीच सुटलेला होता, हे मला नंतर जाणवले. आरएसचे कवच गाडीबरोबर जन्मले. तिच्या इंजिनाला हवा कुठून मिळेल, चालकाचे गुडघे कुठे येतील, हँडल किती वळेल, हे सगळे एकत्र ठरले. विंडजॅमर बाहेरून आले, तरी ते ज्या मोठ्या जपानी आणि जर्मन गाड्यांवर बसले त्यांची फ्रेम आणि ताकद ते ओझे सहज पेलणारी होती. माझी गाडी या दोन्ही गटांत बसत नव्हती.

हे कागदावर कळूनही मी भोसरीच्या बाजूला, फायबरचे काम करणाऱ्या एका शेडमध्ये गेलोच. रेझिनचा तो नाकात चढणारा गोडसर वास, लाकडी साच्यावर मेण चोळणारा मुलगा, काचतंतूंची पांढरी मॅट कात्रीने कापून ब्रशने रेझिन पाजत थरावर थर चढवण्याची त्याची पद्धत, हे सगळे मी तासभर पाहत बसलो. एखाद्या पापडाच्या कारखान्यात बसल्यासारखे ते शांत काम होते. मालकाने कोपऱ्यातला एक साचा दाखवला. कुणीतरी लडाखला जाण्यासाठी करून घेतलेले रुंद, पोटाशी फुगलेले फेअरिंग होते ते. त्याच साच्यातले एक कवच माझ्या एका मित्राने त्याच्या बुलेटवर बसवले होते आणि त्याने उदारपणे एक अख्खा रविवार ती गाडी माझ्या हवाली केली.

पुण्याहून ताम्हिणीकडे निघालो. पौडपर्यंत मी जवळजवळ निर्णय घेऊन टाकला होता. छातीवर काहीच नव्हते. हात सैल होते, जॅकेटची चेन अर्धी उघडी होती तरी कॉलर फडफडत नव्हती, आणि मुळशीच्या धरणावरून येणारा आडवा वारा कवचावर आपटला तरी हँडल स्थिर राहिले. कवच फ्रेमला धरलेले असल्यामुळे वाऱ्याचा धक्का गाडीच्या पावणेदोनशे किलोंना बसतो, हँडलाला बसत नाही. स्पर्धा एवढ्यावरच असती तर विंडशील्ड हरले असते आणि हे मी आजही मान्य करतो.

मुळशीनंतर एकेक गोष्ट जाणवू लागली. पहिली आवाजाची. बुलेटचा मालक कानाने गाडी चालवतो. इंजिनाच्या झडपा हलवणारे टॅपेट वाजतात का, चेन सैल झाली का, चढावर इंजिन अडखळते का, हे त्याला पाठ झालेल्या आवाजातून कळते. फेअरिंगच्या आतल्या पोकळीत हे सगळे आवाज घुमून एकत्र होत होते आणि पासष्टच्या आसपास कवचच थरथरू लागल्यावर मला एका मोठ्या पत्र्याच्या पिंपात बसल्यासारखे वाटले. एका सिलिंडरच्या लांब चालीच्या इंजिनाची थरथर कवचाच्या प्रत्येक बोल्टपर्यंत जाते. रबर बुश घातले तरी ती कमी होते, संपत नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची. कास्ट आयर्न सिलिंडर हवेने थंड होतो. त्याच्या अंगावरच्या धातूच्या पातळ पात्यांमधून वाहणारी हवा हेच त्याचे पाणी. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसने चढताना मुळातच हवा कमी असते आणि फुगीर कवच त्यातलाही वाटा बाजूला वळवते. मित्राने कवचाचा खालचा भाग आधीच काढून टाकला होता, तरी माझ्या नडग्यांना तव्याशेजारी बसल्यासारखी धग लागत होती.

परतताना अंधार झाला आणि तिसरी गोष्ट कळली, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मित्राने बुलेटच्या टोपातला हेडलाइट बंद करून नवा दिवा कवचात बसवला होता. कवच वळत नाही, म्हणून दिवाही वळत नाही. ताम्हिणीच्या एका अरुंद वळणावर, वेग वीसच्या आत असताना, मी हँडल उजवीकडे वळवले आणि उजेड सरळ समोरच्या झाडीत पडून राहिला. रस्ता काळोखात होता. वेगात गाडी झुकवून वळण घेतो तेव्हा याने फारसे बिघडत नाही. पण आपल्या घाटांतली वळणे हँडल वळवून घ्यायची असतात, खड्डा चुकवत, समोरून येणाऱ्या एसटीला जागा देत. तिथे नजर आणि उजेड एकत्र वळायला हवेत. मी त्या वळणावर थांबलो, पाय टेकला आणि माझ्या बुलेटच्या कुरूप म्हणून हिणवल्या गेलेल्या टोपाची मला फार आठवण आली.

तीन महिन्यांनी मित्राच्या कवचाचा डावा ब्रॅकेट वेल्डिंगच्या कडेशी तुटला. तो रस्त्यात सुटला नाही, हे नशीब. त्याने जाडा पट्टा लावून पुन्हा बसवला आहे आणि तो त्याच्या गाडीवर खूश आहे. मुंबई-बंगळुरू महामार्गावर तो नव्वदने जातो, माझ्यासारखा ताम्हिणीत रमत नाही. त्याच्यासाठी ते ठीक आहे.

माझ्यापुरते उरले विंडशील्ड. नाना पेठेतल्या माझ्या मेस्त्रींना, जे ही गाडी माझ्याहून जास्त ओळखतात, विचारले तेव्हा त्यांनी काच हातात घेतली, तिचे वजन चाचपले आणि म्हणाले, "साहेब, ही बसवली की हँडल बोलायला लागणार. आधी कोनसेट बदलू." त्यांचे म्हणणे असे की, फोर्क ज्या बॉल आणि कपांवर फिरतो ते जुने झाले असतील तर हँडलावर टांगलेली काच त्यांचा प्रत्येक दोष मोठा करून दाखवते. दोन-अडीच किलोचे वजन उंचावर, वळणाऱ्या भागावर, हाताच्या पुढे आले की सैल कोनसेटची गाडी साठला हँडल थरथरवू लागते. हाच या प्रकाराचा मूळ दोष आहे. फेअरिंग जो धक्का फ्रेमला देते, तो विंडशील्ड थेट तुमच्या हातात देते. आम्ही कोनसेट बदलला, पुढच्या टायरची हवा मोजली, चाकाचा आऱ्यांचा तोल पाहिला आणि मगच काच बसवली. नवी वस्तू बसवण्याआधी जुनी वस्तू नीट करणे, या मेस्त्रींच्या नियमाने माझे पुष्कळ पैसे गेले आहेत आणि पुष्कळ अपघात टळले आहेत.

पहिली काच मीच फोडली. ती ॲक्रिलिक या प्लास्टिकची होती, चार मिलिमीटर जाड, अगदी स्वच्छ. घरी क्लँपची जागा थोडी बदलावी म्हणून मी स्वतः ड्रिलने नवे भोक पाडले, साध्या लोखंडाला मारतो तसे, जोर देऊन. भोक पडले, बोल्ट आवळला, समाधान झाले. चौथ्या दिवशी भोकापासून वरच्या कडेपर्यंत केसाएवढी बारीक रेघ गेली आणि पुढच्या खड्ड्यात तिची दोन तुकड्यांत वाटणी झाली. ॲक्रिलिक कडक आणि पारदर्शक असते, त्यावर पडलेला बारीक चरा पॉलिशने घालवता येतो, पण ते ताण सहन करत नाही. भोक सावकाश, धार थोडी बोथट केलेल्या ड्रिलने, थांबत थांबत पाडायचे, बोल्टपेक्षा थोडे मोठे ठेवायचे आणि मध्ये रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, घालून हाताने घट्ट होईल इतकेच आवळायचे, हे मला तुकडे हातात घेतल्यावर शिकायला मिळाले. पॉलिकार्बोनेट हेही प्लास्टिकच, पण याच्या उलट स्वभावाचे. हातोडी मारली तरी ते फुटत नाही, पण त्यावर कडक लेप नसेल तर कोरड्या फडक्याने पुसल्यानेही चरे पडतात, आणि टाकीवर सांडलेल्या पेट्रोलचा थेंब लागला की ते धुरकट होऊन तडकते. दुसरी काच मी पॉलिकार्बोनेटची, लेप दिलेली घेतली आणि तिच्यासाठी पाण्याची वेगळी बाटली आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा गाडीत ठेवला. काचेवर चिकटलेले किडे आधी भिजवायचे, मग उचलायचे, घासायचे नाहीत.

खरी अडचण उंचीची होती. काच विकत घेताना मी उंच घेतली, हेल्मेटच्या वरपर्यंत येणारी, कारण जितकी मोठी तितका वारा कमी असे सरळ गणित मी मांडले होते. साठला छाती शांत झाली, पण हेल्मेट गदगदा हलू लागले, जणू कुणी मागून दोन्ही हातांनी धरून झटकते आहे. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा सरळ जात नाही, भोवरे करत येतो आणि काचेच्या मागे हवेचा दाब कमी झाल्यामुळे खालूनही, टाकीच्या दोन्ही बाजूंनी, हवा वर ओढली जाते. हे दोन प्रवाह नेमके डोक्यापाशी भेटत होते. स्वच्छ वाऱ्यातले डोके त्रास देत नाही. ढवळलेल्या वाऱ्यातले देते.

हे नुसते वाटून भागणार नव्हते, दिसायला हवे होते. पत्नीने विणकामाच्या पिशवीतून लाल लोकरीचे बोटभर धागे काढून दिले. आम्ही ते चिकटपट्टीने काचेच्या कडेला, टाकीवर, माझ्या जॅकेटच्या छातीवर, खांद्यांवर आणि हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना लावले. साताऱ्याला मुक्काम करून पहाटे सज्जनगडाच्या फाट्यावरून ठोसेघर आणि तिथून चाळकेवाडीच्या पठारावर चढलो. ज्यांनी ते पठार पाहिले नाही त्यांना सांगतो की, तिथे पवनचक्क्यांची रांग क्षितिजापर्यंत जाते आणि त्या तिथे उगाच उभारलेल्या नाहीत. पठारावरच्या रिकाम्या सरळ रस्त्यावर मी पन्नास, साठ आणि सत्तरने फेऱ्या मारल्या आणि ती मागे बसून धागे पाहत, माझ्या पाठीवर बोटाने खूण करत राहिली. छातीवरचे धागे मुडपून पडलेले, म्हणजे तिथे वारा नाही. खांद्यांवरचे सरळ मागे ताणलेले. हेल्मेटवरचे मात्र मासळीसारखे तडफडत होते, कधी वर, कधी चक्क पुढच्या दिशेने. टाकीवरचे धागे खालून वर उभे राहिले होते.

थांबल्यावर तिने स्वतःच्या हेल्मेटला हात लावला. "तुमचं डोकं हलतंय ते ठीक आहे. माझं तुमच्यापेक्षा चार बोटं वर आहे, मला काय काय लागतंय ते विचारा की." मागच्या सीटवरचा माणूस थोडा उंच बसतो, हे मी तेवीस वर्षांत एकदाही हिशोबात धरले नव्हते. उंच काचेने माझ्या वाट्याचा वारा उचलून तिच्या तोंडावर नेऊन टाकला होता.

त्याच पठारावर आडव्या वाऱ्याची परीक्षाही झाली आणि तिथे काच नापास झाली असे म्हटले तरी चालेल. दोन पवनचक्क्यांमधल्या खिंडीतून वाऱ्याचा झोत आला की हँडल आपणहून अर्धा इंच वळे आणि गाडी रस्त्याच्या कडेकडे हातभर सरके. घाबरून घट्ट धरले तर आणखी बिघडते. हात सैल सोडून गाडीला तिचा तोल सावरू दिला की ती परत येते. नंतर हर्णैच्या बाजूने सागरी महामार्गावर दुपारी खारे वारे सुरू झाल्यावर हाच अनुभव आला. सकाळी मतलई वारे ओसरण्याच्या शांत वेळेत त्याच रस्त्यावर काही जाणवले नव्हते. म्हणून आता आम्ही किनाऱ्यावर असलो की दुपारचे जेवण लांबवतो आणि संध्याकाळी निघतो. गाडीची मर्यादा वेळापत्रकात घालून घेतली, झाले.

तरीही काच ठेवली, याचे कारण मला तर्काने पूर्ण सांगता येत नाही. एक भाग सोपा आहे: ती चार बोल्टांनी निघते. मार्चमध्ये उन्हाळा लागला की मी ती काढून माळ्यावर ठेवतो आणि पाऊस ओसरल्यावर परत लावतो. गाडीच्या कोणत्याही भागाला भोक पडलेले नाही, टोप जसाच्या तसा आहे, आणि उद्या दुसरे कुणी ही गाडी चालवायला घेतली तर माझा निर्णय त्याच्या गळ्यात पडणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीच्या नोंदलेल्या रूपात बदल करण्यावर बंधने आहेत, त्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणाला जाताना सगळे मूळ रूपात असलेले बरे, हाही व्यवहार त्यात आहे. दुसरा भाग असा की, काचेतून मला पुढचा मडगार्ड दिसतो, अँपिअरचा काटा दिसतो, टॅपेटचा आवाज कानाला येतो. चाळीस वर्षांच्या गाडीला चालवणे म्हणजे तिचे ऐकत राहणे असते, आणि फेअरिंगमागे बसून मला ते ऐकू येत नव्हते.

राहिली उंची. काचेची वरची कड कुठे यावी, हे ठरवायला मी पुठ्ठा कापून, तो काचेला चिकटवून, दर वेळी एक सेंटिमीटर कमी करत आठवडाभर कोथरूडहून पिरंगुटपर्यंत फेऱ्या मारल्या. नियम म्हणून असे सांगतात की कड नाकाच्या शेंड्याच्या रेषेत असावी, म्हणजे नजर काचेवरून जाते, काचेतून जात नाही; पावसात आणि रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे चऱ्यांवर फुटतात तेव्हा याचे महत्त्व कळते. माझ्या बाबतीत नाकाच्या रेषेलाही हेल्मेट हलतच होते. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या पातळीला आल्यावर ते थांबले. मग वारा हेल्मेटला लागतो, पण सलग आणि स्वच्छ लागतो. छातीवरचे सात किलो गेलेले असतात आणि डोक्यावरचे थोडे राहतात, जे मान आनंदाने पेलते. खालून येणारी हवा अडवायला टाकीच्या पुढे, फोर्कच्या दोन्ही बाजूंना, रेक्झिनचे छोटे पडदे शिवून घेतले. ते शिवणाऱ्या सीट कव्हरवाल्याने बाळाची दुपटी शिवतो आहे असे म्हणून हसत हसत बिल लावले.

काच कापायचे काम मेस्त्रींनी केले. बारीक दातांच्या पात्याने, कडेला दुहेरी चिकटपट्टी लावून, मग पाणी मारून वाळूच्या कागदाने कड गोल केली. साडेअकरा सेंटिमीटरची पट्टी निघाली. ती फेकायची नाही असे पत्नीने आधीच सांगून ठेवले होते. आता ती स्वयंपाकघरात आहे. वडीच्या थापलेल्या सारणावर सरळ रेघ आखायला ती वापरते, आणि डिसेंबरमध्ये कोकणात जाताना आपल्या डोक्यापाशी अजून थोडे भोवरे येतात, तेव्हा आणखी दोन सेंटिमीटर कापावे लागतील, असे तिने मला दोनदा बजावले आहे.